म्हाताऱ्या माणसांना उपयोगी पडेल!
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

टोमॅटो केचपमुळे आपल्याला ठाऊक असलेली हाइन्झ ही अमेरिकन कंपनी. लहान बाळांसाठी शिजवून मऊ केलेलं तयार अन्नही ती विकत असे. १९५०च्या आसपास कंपनीच्या लक्षात आलं की, हे बाळांचं अन्न वयस्कर माणसंही विकत नेतात. कोणाला दात नाहीत, कोणाची कवळी टोचते, कोणाला एकट्यापुरतं रांधायचा कंटाळा. कंपनीने विचार केला, मग या मंडळींसाठी वेगळे डबेच का काढू नयेत? १९५५ साली ‘सीनियर फूड्स’ नावाने मऊ शिजवलेल्या मटणाचे, चिकनचे डबे बाजारात आले. गरज खरी होती, माल चांगला होता, आणि तरीही धंदा साफ बुडाला. कारण अगदी साधं होतं. बाळाच्या अन्नाची बाटली घेऊन गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या बाईंना ‘नातवासाठी नेतेय’ असं म्हणता येत होतं. ‘सीनियर’ असं छापलेला डबा हातात घेतला की, आपल्याला चावता येत नाही हे साऱ्या दुकानाला कळणार!

ग्राहकांना काय हवं आहे ते शोधून काढायचं आणि ते माल बनवणाऱ्यांना सांगायचं, हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय. त्यात ही हाइन्झची गोष्ट मला निरनिराळ्या वेषांत पुन्हा पुन्हा भेटली. डोंबिवलीत एकदा आम्ही सत्तरीच्या पुढच्या आठ-दहा जणांना चहाला बोलावून काही वस्तू दाखवल्या होत्या. आठवड्याच्या गोळ्या वारांप्रमाणे ठेवायची डबी, न्हाणीघरात धरायचा दांडा, मोठ्या आकड्यांचा फोन. चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका गृहस्थांनी प्रत्येक वस्तू उलटसुलट करून पाहिली, दोन चांगल्या सूचना केल्या आणि शेवटी म्हणाले, “छान आहे हो. म्हाताऱ्या माणसांना उपयोगी पडेल.”

कोणी हसलं नाही. बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

माणसाला मनातून आपण आपल्या जन्मतारखेपेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान वाटत असतो, हे संशोधकांनी अनेक देशांत पाहिलेलं आहे. त्यामुळे ‘ज्येष्ठांसाठी खास’ अशी पाटी लावली की, ज्याच्यासाठी ती लावली तोच तिच्याखाली उभा राहायला तयार होत नाही. याला एकच अपवाद मला दिसला आहे, तो म्हणजे सवलत! ऑगस्ट २०२२मध्ये महाराष्ट्र सरकारने पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत केला, तेव्हा आधार कार्ड दाखवून वय सिद्ध करायला कोणी लाजलं नाही. लाजायचं कारणही नाही. सवलत हा हक्क असतो. मऊ अन्नाचा डबा ही कबुली असते.

हा विषय आता केवळ दुकानदारांचा राहिलेला नाही. २०११च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसं भारतात १० कोटी ३८ लाख होती. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३च्या अहवालानुसार २०५०पर्यंत ती ३४ कोटींच्या पुढे जातील; म्हणजे दर पाच भारतीयांत एक. महाराष्ट्रात २०११ सालीच हे प्रमाण शंभरात जवळजवळ दहा होतं, केरळात साडेबारा. तेव्हा साबणाच्या वेष्टनापासून बँकेच्या खिडकीपर्यंत सगळ्याच गोष्टी कोणासाठी बनवायच्या, हा प्रश्न आता पुढे ढकलता येणार नाही.

जपानने तो आपल्या आधी सोडवायला घेतला, कारण त्याला वेळच मिळाला नाही. पासष्टीच्या वरच्या लोकांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला शंभराहून अधिक वर्षं लागली. जपानमध्ये ते १९७० ते १९९४ या २४ वर्षांत घडलं. आज तिथे दर शंभर माणसांत २९ जण पासष्टीच्या पुढचे आहेत. १९६३ साली जपानमध्ये शंभरी गाठलेली माणसं होती १५३. सरकारने त्यांना चांदीचा पेला भेट द्यायला सुरुवात केली. २०२५मध्ये शतायुषी माणसांची संख्या ९९ हजारांच्या वर गेली. मधल्या काळात, २०१६पासून, सरकारला चांदीऐवजी चांदीचा मुलामा दिलेल्या पेल्यावर यावं लागलं. २०२४मध्ये ओजी होल्डिंग्ज या कागद उद्योगातल्या मोठ्या कंपनीने जपानपुरतं तान्ह्या मुलांच्या डायपरचं उत्पादन थांबवलं आणि प्रौढांच्या डायपरवर लक्ष द्यायचं ठरवलं.

टोकियोच्या उत्तर भागात सुगामो नावाचं स्थानक आहे. त्याच्याजवळ सुमारे पाऊण किलोमीटर लांबीचा एक बाजाररस्ता आहे. तरुण मुलामुलींच्या फॅशनसाठी टोकियोत हाराजुकू प्रसिद्ध. म्हणून या रस्त्याला लोक ‘आजीबाईंचं हाराजुकू’ म्हणतात. मूळ आकर्षण म्हणजे तिथलं कोगान्जी हे बौद्ध देऊळ. त्याच्या आवारात कान्नोन देवतेची एक मूर्ती आहे. आपला गुडघा दुखत असेल तर मूर्तीचा गुडघा ओल्या फडक्याने पुसायचा, पाठ दुखत असेल तर पाठ. दर महिन्याच्या ४, १४ आणि २४ तारखेला तिथे जत्रा भरते. आपल्याकडच्या संकष्टीला देवळाबाहेर जशी दुकानं लागतात तशीच रस्त्यावर दुकानं लागतात. पाट्यांची आणि किमतींची अक्षरं मोठी, मांडणी खुली, कपडे सैल आणि घालायला सोपे, मिठाई मऊ. आणि एका दुकानात सगळे लाल रंगाचे आतले कपडे!

या लाल रंगाचा आपल्याशी लांबचा धागा जुळतो. जपानी पारंपरिक कालगणनेत साठ वर्षांचं चक्र आहे, जसं आपल्याकडे साठ संवत्सरांचं आहे. साठ पूर्ण झाली की, चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, म्हणून साठीच्या समारंभात जपानी माणसाला बाळासारखं लाल जाकीट घालतात. आपण साठीशांत करतो, ते लाल जाकीट घालतात. त्यामुळे तिथे लाल रंगाला उबेचा आणि आयुष्याचा अर्थ आहे. सुगामोच्या दुकानदारांनी ‘वृद्धांसाठी अंतर्वस्त्रं’ असा फलक लावला नाही. त्यांनी लाल रंग विकला.

जपानी फोनचंही तसंच. १९९९ साली तिथे मोठ्या बटणांचा, नेमकी लागतील तेवढीच कामं करणारा एक मोबाइल आला. त्याचं नाव ‘राकुराकू’, म्हणजे अगदी सोपा, निवांत. सोपा फोन कोणालाही हवा असतो. तो घेताना वयाचा दाखला द्यावा लागत नाही.

वय झालं की नेमकं काय बदलतं, हे माल बनवणाऱ्या तिशीतल्या मुलामुलींना ठाऊक नसतं, आणि यात त्यांचा दोष नाही. डोळ्याचं उदाहरण घ्या. बाहुली लहान होत जाते आणि डोळ्यातलं भिंग पिवळसर पडतं. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोचतो. निळा आणि काळा यांतला फरक धूसर होतो. आता औषधाची चंदेरी पट्टी आठवा. चकचकीत चांदीवर बारीक अक्षरं, आणि मुदत संपायची तारीख तर रंगाशिवाय, नुसती ठशाने उठवलेली. शिवाय दुकानदार चार गोळ्या कापून देतो तेव्हा नेमकी तारखेची कडा त्याच्याकडे राहते! औषधं सर्वांत जास्त कोण घेतं हे ठाऊक असूनही ही पट्टी अशी का, याचं पटेल असं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. कानाचंही असंच आहे. आधी उंच पट्टीतले आवाज जातात, म्हणजे स, श, फ, त अशी व्यंजनं पुसट होतात. बोलणं ऐकू येतं पण शब्द लागत नाही. अशा वेळी समोरचा माणूस आवाज चढवतो. खरं तर त्याने सावकाश, तोंडासमोर येऊन बोलायला हवं आणि मागचं संगीत बंद करायला हवं. मोबाइलवर येणारा ओटीपी हा आणखी एक प्रकार. चष्मा शोधायचा, संदेश उघडायचा, सहा आकडे लक्षात ठेवून परत मागच्या पानावर यायचं, तोवर वेळ संपलेली असते.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत वार्धक्याचा अभ्यास करणारी ‘एजलॅब’ नावाची प्रयोगशाळा आहे. तिथे त्यांनी एक पोशाखच तयार केला आहे. सांधे आखडवणारे पट्टे, पिवळा चष्मा, बोटांची जाण कमी करणारे हातमोजे, कानांत बोळे. तो घालून तरुण अधिकाऱ्यांना दुकानात वरच्या फळीवरचा डबा काढायला पाठवतात. मला ही कल्पना आवडते, पण तिची मर्यादाही दिसते. अर्ध्या तासाने पोशाख उतरवता येतो.

याच्या बरंच पुढे गेलेली एक बाई म्हणजे पॅट्रिशिया मूर. न्यूयॉर्कमध्ये वस्तूंच्या रचनेचं काम करणारी ही सव्वीस वर्षांची तरुणी. फ्रिजचं दार संधिवात असलेल्या हातांना सहज उघडेल असं करता येईल का, असं तिने एका बैठकीत विचारलं, तेव्हा आपण अशा लोकांसाठी वस्तू बनवत नाही, असं तिला ऐकवण्यात आलं. १९७९ ते १९८२ या काळात तिने रंगभूषाकाराच्या मदतीने ऐंशीच्या पुढच्या म्हातारीचा वेष घेतला, गुडघे वाकू नयेत म्हणून पट्ट्या बांधल्या, नजर अंधूक केली आणि अमेरिका व कॅनडातल्या शंभराहून अधिक शहरांत ती वावरली. दारं, पायऱ्या, बसगाड्या यांचा त्रास तिला अपेक्षितच होता. तिला लागली ती माणसांची वागणूक. आजीच्या वेषात गेली की दुकानदार घाई करायचे, तुटक बोलायचे. तरुण रूपात गेली की हसून स्वागत. १९८५मध्ये तिने हे अनुभव पुस्तकरूपाने लिहिले.

हे वाचताना अमेरिका फार दूर वाटत नाही. आपल्या बँकेच्या खिडकीवर, मोबाइलच्या दुकानात, दवाखान्याच्या नोंदणीपाशी एक वाक्य रोज ऐकू येतं: “आजोबा, मुलाला घेऊन या.” चाळीस वर्षं हिशेब तपासण्यात घालवलेल्या माणसाला हे वाक्य तेवीस वर्षांचा मुलगा ऐकवतो. त्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याला त्याचं काम लवकर संपवायचं असतं. पण पैसे आजोबांचे, खातं आजोबांचं, आणि बोलणं मुलाशी! बासष्ट वर्षांच्या बाईंना ‘आजी’ म्हणणारा साडीच्या दुकानातला विक्रेताही मी पाहिला आहे. बाईंनी हातातली साडी शांतपणे घडी करून ठेवली आणि त्या बाहेर पडल्या. ‘ताई’ म्हटलं असतं तर निदान एक साडी खपली असती.

आपल्याकडे या बाजाराची एक खास गुंतागुंत आहे. वस्तू वापरणार वडील, पैसे देणार मुलगा. तो मुलगा बंगळूरला किंवा न्यू जर्सीला. त्याला काळजी वाटते, काहीशी अपराधी भावनाही असते, आणि ऑनलाइन मागवणं सोपं असतं. मग जाहिरात कोणासाठी लिहिली जाते? मुलासाठी. तिच्यात वाकलेले वडील, पडलेली काठी, रात्री दोन वाजता न उचललेला फोन. मुलगा घाबरतो आणि वस्तू घेतो. सांगलीच्या एका बाईंकडे गळ्यात अडकवायचं, संकटात दाबायचं बटण होतं, मुलाने पाठवलेलं. ते मूळ खोक्यासह कपाटात होतं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “घालून बाहेर गेले की चारचौघी विचारतात, काय झालंय तुम्हाला?” याच बाई रोज फिरायला जाताना मोबाइल मात्र न विसरता नेत होत्या. ते बटण मोबाइलमध्येच असतं तर त्यांनी वापरलंही असतं.

याच्या उलट दिशेने गेलेली एक वस्तू सांगतो. सॅम फार्बर हे भांडीकुंडी बनवण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेले अमेरिकन गृहस्थ. त्यांच्या पत्नी बेट्सी यांना हातांच्या संधिवातामुळे सोलाण्याने सफरचंद सोलणं जड जात होतं. ते जुनं सोलाणं म्हणजे पत्र्याची पातळ मूठ. फार्बर यांनी जाड, मऊ, काळ्या रबराची, ओल्या हातातूनही न निसटणारी मूठ करवून घेतली आणि १९९०मध्ये ‘ऑक्सो गुड ग्रिप्स’ नावाने ती अवजारं बाजारात आणली. नेहमीच्या सोलाण्यापेक्षा बरीच महाग असूनही ती खपली, कारण ती तरुण गृहिणीच्या हातालाही बरी वाटली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आज ते सोलाणं ठेवलेलं आहे. त्याच्यावर संधिवात हा शब्द कुठेही नाही. बेट्सीबाईंना विचारून वस्तू बनली, एवढंच.

काय बोलून विकावं, यावरही थोडं अभ्यासलं गेलं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचं म्हणणं असं की, पुढचा काळ थोडा उरला आहे असं वाटू लागलं की, माणूस नवी माहिती आणि नव्या ओळखी यांच्यामागे कमी धावतो आणि जवळच्या माणसांकडे, मनाला समाधान देणाऱ्या गोष्टींकडे वळतो. २००३मध्ये हेलेन फंग आणि त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच वस्तूच्या दोन जाहिराती दाखवल्या होत्या. एकीत नवं जग पाहण्याचं आमंत्रण, दुसरीत जिव्हाळ्याचे क्षण जपण्याची गोष्ट. वयस्करांना दुसरी जास्त आवडली आणि जास्त लक्षात राहिली. गंमत म्हणजे, आपल्याला अजून भरपूर आयुष्य आहे अशी कल्पना करायला सांगितल्यावर हा कल ओसरला. म्हणजे सुरकुत्यांपेक्षा उरलेल्या काळाचा हिशेब महत्त्वाचा. आपल्या सहलवाल्यांना हे प्रयोगाशिवायच कळलं असावं. सहलीहून परतलेली मंडळी ठिकाणांपेक्षा बसमधल्या गाण्यांबद्दल आणि नव्या मैत्रिणींबद्दलच जास्त बोलतात.

पण जवळच्या माणसांवर, गोड बोलणाऱ्यावर विसंबण्याची हीच वृत्ती काहींना सोन्याची खाण वाटते. मुदत ठेव नवी करायला गेलेले सत्तरीतले गृहस्थ दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी घेऊन बाहेर पडतात. ‘तुमच्यासारख्यांसाठी खास योजना’ या तीन शब्दांनी घात केलेला असतो. खिडकीपलीकडच्या मुलीला महिन्याचं लक्ष्य पूर्ण करायचं असतं. तीही बिचारी अडकलेली असते. हे ऐकणाऱ्यांनी दोन गोष्टी जरूर लक्षात ठेवाव्यात. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४च्या नियमांनुसार पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. किरकोळ खर्च वजा जाऊन पैसे मिळतात. आणि रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७मध्ये बँकांना सांगितलेलं आहे की, सत्तरीच्या पुढच्या ग्राहकांना पैसे देणं-घेणं, हयातीचा दाखला अशा मूलभूत सेवा घरपोच देण्याची व्यवस्था करावी. ही सेवा मागितल्याशिवाय बहुधा कोणी सांगत नाही, म्हणून मागावी. पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करणारे भामटेही याच वयाच्या, एकट्या राहणाऱ्या लोकांना अनेकदा गाठतात. कायद्यात अशी कोणतीही अटक नाही.

आतापर्यंत मी ज्यांच्याविषयी बोललो ती पेन्शन, ठेवी आणि परदेशी मुलगा असलेली माणसं. उद्योगांच्या परिषदांत ‘रुपेरी अर्थव्यवस्था’ म्हणतात ती यांच्यापुरतीच. २०११च्या जनगणनेत देशातले सत्तर टक्क्यांहून अधिक ज्येष्ठ खेड्यांत होते. मघाच्याच २०२३च्या अहवालात म्हटलं आहे की, ज्येष्ठांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जण सर्वांत गरीब गटात मोडतात आणि १८.७ टक्क्यांना स्वतःचं काहीच उत्पन्न नाही. गिरणीत, कारखान्यात आयुष्य घालवलेल्यांची भविष्यनिर्वाह निधीतली किमान पेन्शन २०१४मध्ये महिना १००० रुपये ठरली. त्यांच्यासाठी कोण काय बनवतं?

एक वस्तू आहे. कोणत्याही आठवडी बाजारात, जत्रेत ती जमिनीवर पसरलेल्या कापडावर मांडलेली दिसते. तयार भिंगांचा चष्मा, ज्याला आपण ‘चाळिशी’ म्हणतो. विकणारा वय विचारत नाही. तो सुई-दोरा नाहीतर वर्तमानपत्राचा तुकडा हातात देतो. सुईत दोरा गेला की सौदा झाला. याने मोतीबिंदू कळत नाही, दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील तर उपयोग नाही, तेव्हा डोळे तपासायला हवेतच. पण या वस्तूचं मोल किती, हे आसामच्या चहाच्या मळ्यांत मोजलं गेलं. २०१८मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आलेल्या या पाहणीत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ चहा खुडणाऱ्यांपैकी निम्म्यांना जवळचं दिसण्याचे चष्मे लगेच दिले, उरलेल्यांना पाहणी संपल्यावर. चष्मेवाल्यांची रोजची खुडणी इतरांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली, आणि पन्नाशीच्या पुढच्यांत त्याहूनही जास्त. पाहणी संपेपर्यंत बहुतेक जण ते चष्मे वापरत होते.